इंग्रजीतील ‘फोर्स’ हे क्रियापद समजून कसे घ्यावे आणि कसे वापरावे

इंग्रजी शिकू लागलेल्या माणसाला ‘फोर्स’ या क्रियापदाचा अर्थ विचारला, तर तो बहुधा ‘सक्ती करणे’ किंवा ‘जबरदस्ती करणे’ असे उत्तर देतो, आणि ते चूक नसते. अडचण पुढे येते. दरवाजा फोर्स केला, हसू फोर्स केले, मतदान फोर्स केले, जादूगाराने पत्ता फोर्स केला, माळ्याने कंद फोर्स केले, अशी वाक्ये समोर आली की ‘सक्ती’ हा शब्द यांपैकी कुठेच नीट बसत नाही, आणि मग प्रत्येक वापर वेगळा पाठ करावा लागणार, अशी भीती वाटू लागते. तसे करण्याची गरज नाही. या जवळजवळ सर्व वापरांच्या मुळाशी एकच चित्र आहे: कोणीतरी किंवा काहीतरी आपणहून हलत नाही, आणि त्याच्यावर जोर लावून ते हलवले जाते. म्हणून ‘फोर्स’ असलेले वाक्य वाचताना ‘जोर कोणी लावला’ या प्रश्नाच्या आधी ‘अडले कोण, किंवा काय’ हा प्रश्न विचारावा. अडणारा माणूस आहे, वस्तू आहे, भावना आहे की निर्णय आहे, हे एकदा कळले की योग्य मराठी क्रियापद आपोआप सुचते, आणि इंग्रजी वाक्याची रचनाही बहुतेक वेळा त्यावरूनच ठरते.

पहिली पायरी: शब्दाचे रूप

येथे फार वेळ घालवण्याचे कारण नाही. भूतकाळी रूप ‘फोर्स्ड’ असे लिहिले जात असले, तरी त्याच्या शेवटचा उच्चार ‘ड’ नसून ‘ट’च्या जवळचा, म्हणजे ‘फोर्स्ट’ असा होतो. ब्रिटिश उच्चारात मधला ‘र’ जवळपास ऐकूच येत नाही, तर अमेरिकी उच्चारात तो स्पष्ट असतो. शब्दाचे मूळ लॅटिनमधील ‘फोर्टिस’, म्हणजे बळकट, या विशेषणात असून तो जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला. किल्ला या अर्थाचा ‘फोर्ट’, प्रयत्न या अर्थाचा ‘एफर्ट’ आणि आजच्या अर्थाने अगदी मऊ वाटणारा ‘कम्फर्ट’ हे सारे त्याच कुळातले आहेत.

दुसरी पायरी: अडणारा माणूस असेल तेव्हा

हा सर्वांत जास्त भेटणारा वापर आहे आणि चुकाही येथेच सर्वाधिक होतात. मूळ रचना अशी: फोर्स, मग व्यक्ती, मग ‘टु’ आणि त्यानंतर मूळ क्रियापद. ‘दे फोर्स्ड हिम टु रिझाइन’, म्हणजे त्यांनी त्याला राजीनामा द्यायला भाग पाडले. मराठीत ‘त्याला’ आणि ‘माझ्यावर’ असे विभक्तिप्रत्यय लागतात म्हणून काही जण ‘फोर्स्ड टु हिम’ किंवा ‘फोर्स्ड ऑन मी टु गो’ असे लिहितात. या रचनेत व्यक्तीच्या आधी कोणतेही शब्दयोगी अव्यय येत नाही. तसेच ‘फोर्स्ड मी फॉर गोइंग’ आणि ‘फोर्स्ड दॅट आय गो’ या दोन्ही रचना इंग्रजीत चालत नाहीत.

याच अर्थाची दुसरी रचना ‘इंटु’ घेऊन येते: ‘दे फोर्स्ड हर इंटु सायनिंग द पेपर्स’. येथे ‘इंटु’नंतर ‘इंग’युक्त रूप किंवा नाम येते. अर्थात फारसा फरक नसला, तरी माझ्या मते ‘इंटु’च्या रचनेत माणसाला ढकलत ढकलत एखाद्या अवस्थेत लोटल्याची छटा अधिक असते; म्हणूनच ‘फोर्स्ड इंटु एक्झाइल’, ‘फोर्स्ड इंटु बँकरप्सी’ असे प्रयोग रूढ आहेत आणि ते कानाला अधिक नेमके वाटतात.

‘मेक’ हे क्रियापदही ‘करायला लावणे’ या अर्थाने येते, पण त्याची रचना वेगळी आहे. ‘शी मेड मी वेट’ या वाक्यात ‘टु’ नाही, आणि ‘शी फोर्स्ड मी टु वेट’ या वाक्यात तो आहे. कर्मणी प्रयोगात मात्र ‘मेक’लाही ‘टु’ लागतो: ‘आय वॉज मेड टु वेट’. अर्थाच्या बाजूने पाहिले, तर ‘मेक’मध्ये विरोध असेलच असे नाही. विनोदाने मला हसवले, हे ‘द जोक मेड मी लाफ’ असेच सांगायचे. तेथे ‘फोर्स्ड’ घातले तर हसण्याची तयारी नसताना विनोदाने बळजबरी केली, असा विचित्र अर्थ निघतो.

मराठी वाचकाने विशेष लक्ष द्यावे अशी एक गोष्ट म्हणजे कर्ता माणूसच असावा लागतो, असे नाही. ‘द स्टॉर्म फोर्स्ड द शिप टु टर्न बॅक’ या वाक्यात वादळ कर्ता आहे. मराठीत आपण ‘वादळाने जहाजाला परतायला भाग पाडले’ असे म्हणू शकतो, पण सहज तोंडी येते ते ‘वादळामुळे जहाजाला परतावे लागले’ हेच. हा ‘मुळे … लागले’ असा साचा मराठीत दिसला, की इंग्रजीत कारणाला कर्त्याच्या जागी बसवून ‘फोर्स’ वापरता येईल का, हे पाहावे. पुष्कळदा येते आणि वाक्य आटोपशीर होते. मात्र परिस्थितीचा रेटा खरोखर मोठा असला पाहिजे. रोज सहाला उठावे लागते, एवढेच सांगायचे असेल तर ‘हॅव टु’ पुरेसे आहे. त्यासाठी ‘आय अ‍ॅम फोर्स्ड टु’ म्हटले तर ऐकणारा तुमच्यावर काय संकट कोसळले आहे, असे विचारील.

यापेक्षाही महत्त्वाची गफलत आग्रहाची आहे. बोलीत आपण ‘मला फोर्स करू नकोस’ असे सर्रास म्हणतो आणि त्याचा अर्थ ‘आग्रह करू नकोस’ एवढाच असतो. याच सवयीने ‘देअर मदर फोर्स्ड मी टु ईट’ असे इंग्रजी वाक्य तयार होते, आणि इंग्रजी वाचकाला ते ऐकून त्या बाईंनी माझ्या तोंडात घास कोंबला की काय, असे वाटते. प्रेमाच्या आग्रहासाठी ‘इन्सिस्ट’ हे क्रियापद योग्य आहे: ‘शी इन्सिस्टेड दॅट आय ईट समथिंग’. त्याहून सौम्य आग्रहाला ‘अर्ज’ (urge), आणि पुन्हा पुन्हा गळ घालण्याला ‘प्रेस’ म्हणतात. नको म्हणण्याची मुभा असेल तेथे ‘फोर्स’ वापरू नये, हा नियम येथे बिनधोक पाळता येतो.

व्यक्तीच्या जागी ‘वनसेल्फ’चे रूप आले, तर अडणारे आपलेच मन असते: ‘आय फोर्स्ड मायसेल्फ टु गेट अप’, म्हणजे मी मनाविरुद्ध, स्वतःला ढकलत उठलो. परंतु ‘फोर्स हिमसेल्फ ऑन समवन’ या रचनेचा अर्थ पूर्णपणे वेगळा आणि गंभीर आहे. तो लैंगिक अत्याचारासाठी वापरला जाणारा वाक्प्रयोग आहे. ‘तो बळेच आमच्यात येऊन बसला’ या अर्थाने हे वाक्य कोणीही, कधीही लिहू नये.

तिसरी पायरी: अडणारी वस्तू असेल तेव्हा

कुलूपबंद दरवाजा, घट्ट बसलेले झाकण, न फिरणारी किल्ली यांना मन नसते, पण अटकाव असतो. ‘दे फोर्स्ड द डोअर’ एवढेच म्हटले तरी त्यांनी दार तोडून किंवा उचकटून उघडले, असा अर्थ होतो, आणि ‘दे फोर्स्ड द डोअर ओपन’ म्हटले तर परिणामही स्पष्ट होतो. या दुसऱ्या रचनेत कर्मानंतर विशेषण येते, हे लक्षात ठेवावे. ‘डोन्ट फोर्स इट’ ही सूचना यंत्रांच्या माहितीपुस्तिकेत वारंवार आढळते. तिचा अर्थ ‘सक्ती करू नका’ नव्हे, तर ‘बसत नसेल तर जोर लावू नका, मोडेल’ असा आहे.

गर्दीतून मुसंडी मारण्याला ‘फोर्स वन्स वे थ्रू द क्राउड’ म्हणतात. येथे ‘वे’ हे कर्म असून सर्वनाम कर्त्याप्रमाणे बदलते: ‘शी फोर्स्ड हर वे इन’, ‘वुई फोर्स्ड अवर वे थ्रू’. संगणकाच्या वापरात ‘फोर्स क्विट’ हा आदेश असतो, म्हणजे प्रतिसाद न देणारा प्रोग्रॅम सक्तीने बंद करणे. तेथे अडून बसलेला प्रोग्रॅमच आहे.

दिशा दाखवणारे लहान शब्द या क्रियापदाबरोबर आले, की अर्थ फार चटकन वळतो. ‘फोर्स डाउन’ म्हणजे इच्छा नसताना घास घशाखाली उतरवणे. पण कर्म विमान असेल, तर ते खाली उतरायला भाग पाडणे, आणि कर्म किमती असतील, तर त्या खाली आणणे. ‘फोर्स आउट’ म्हणजे पदावरून किंवा घरातून हुसकावणे. आणि ‘हि फोर्स्ड आउट अ फ्यू वर्ड्स’ म्हणजे त्याने महत्प्रयासाने चार शब्द तोंडातून काढले. ‘फोर्स थ्रू’ हे संसदीय बातम्यांत दिसते: विरोध असतानाही विधेयक रेटून नेणे. या जोड्या वेगवेगळ्या पाठ करण्याऐवजी, कर्म कोणत्या दिशेने हलत नव्हते आणि ते कुठे नेले, एवढे पाहावे.

चौथी पायरी: हसू, अश्रू आणि लादलेली मते

‘शी फोर्स्ड अ स्माइल’. येथे ‘तिने हसूवर सक्ती केली’ असे भाषांतर करणाऱ्याने मराठीचाच विचार केलेला नसतो. आपल्याकडे यासाठी ‘उसने हसू आणणे’ आणि ‘बळेच हसणे’ असे चपखल प्रयोग तयार आहेत. ‘फोर्स्ड लाफ्टर’ म्हणजे ओढूनताणून आणलेले हसे. एखाद्या कथेतील प्रसंग ‘फोर्स्ड’ वाटतो असे समीक्षक लिहितो, तेव्हा तो प्रसंग ओढूनताणून आणलेला आहे, कथेच्या ओघात आलेला नाही, असा ठपका असतो. उलट दिशेने ‘फोर्स बॅक द टिअर्स’ म्हणजे अश्रू आवरणे. येथे बाहेर येऊ पाहणारे मागे रेटले जाते.

लादण्याचा अर्थ मात्र ‘ऑन’ किंवा ‘अपॉन’मुळे येतो: ‘डोन्ट फोर्स युअर व्ह्यूज ऑन अदर्स’. येथे मते हे कर्म आणि माणसे ‘ऑन’नंतर येतात, म्हणजे दुसऱ्या पायरीतील रचनेच्या नेमके उलट. नवशिके दोन्ही रचना एकमेकांत मिसळतात, म्हणून कर्माच्या जागी काय आहे हे लिहिण्यापूर्वी तपासावे. ‘फोर्स-फीड’ हे जोडक्रियापद, भूतकाळी ‘फोर्स-फेड’, शब्दशः आणि लक्षणेने, दोन्ही प्रकारे येते. शब्दशः अर्थाचा इतिहास क्रूर आहे: मताधिकारासाठी लढणाऱ्या आणि तुरुंगात अन्नत्याग करणाऱ्या ब्रिटिश स्त्रियांना 1909 पासून नळीने बळजबरीने अन्न दिले जाऊ लागले. आज ‘विद्यार्थ्यांच्या गळी माहिती उतरवणे’ अशा लाक्षणिक अर्थानेही तो वापरतात.

पाचवी पायरी: घटना आणि निर्णय

टाळला जाणारा निर्णय घडवून आणणे, हा ‘फोर्स’चा पुढचा अर्थ आहे. ‘फोर्स अ व्होट’ म्हणजे मतदान घ्यायला लावणे, ‘फोर्स द इश्यू’ म्हणजे रेंगाळलेला प्रश्न धसास लावणे, ‘फोर्स द पेस’ म्हणजे इतरांना वेग वाढवावा लागेल अशी चाल ठेवणे. ‘फोर्स समवन्स हँड’ हा वाक्प्रचार पत्त्यांच्या खेळातून आला असून, समोरच्याला त्याच्या मनात नसताना किंवा वेळेआधी पाऊल उचलायला लावणे, असा त्याचा अर्थ आहे; त्याचा हात पिरगळण्याशी काहीही संबंध नाही.

सहावी पायरी: तीन विशेषणांतील भेद

‘फोर्स्ड’, ‘फोर्सिबल’ आणि ‘फोर्सफुल’ ही तीन विशेषणे एकाच घरातील असली, तरी त्यांची अदलाबदल केल्यास अनर्थ होतो. ‘फोर्सफुल स्पीकर’ ही स्तुती आहे: जोरकस, ठामपणे बोलणारा वक्ता. ‘फोर्सिबल एंट्री’ म्हणजे शारीरिक बळ वापरून केलेला प्रवेश. हा शब्द पोलीस आणि न्यायालय यांच्या भाषेत राहतो. ‘फोर्स्ड’ हे मात्र ज्याच्यावर जोर लागला त्या बाजूने पाहते. ‘फोर्स्ड लँडिंग’मध्ये कोणी वैमानिकावर बंदूक रोखलेली नसते, उड्डाण चालू ठेवणे अशक्य झाल्याने विमान उतरवण्यावाचून गत्यंतर उरत नाही. 15 जानेवारी 2009 रोजी न्यू यॉर्कमध्ये पक्ष्यांच्या धडकेने दोन्ही इंजिने निकामी झाल्यावर हडसन नदीत उतरवलेले आणि ज्यातील सर्व 155 जण वाचले ते विमान, हे याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. पाण्यावरच्या अशा उतरण्याला ‘डिचिंग’ असा स्वतंत्र शब्दही आहे. ‘फोर्स्ड मॅरेज’ आणि ‘अरेंज्ड मॅरेज’ यांतील भेद तर कायद्याचा आहे: पहिल्यात संमती नसते, दुसऱ्यात ती असते. इंग्लंड आणि वेल्समध्ये 2014 पासून पहिला प्रकार फौजदारी गुन्हा आहे, म्हणून ठरवून झालेल्या विवाहाविषयी लिहिताना हा शब्द सैलपणे वापरणे महागात पडू शकते.

सातवी पायरी: शेजारचे शब्द

‘कम्पेल’ हे ‘फोर्स’पेक्षा औपचारिक आहे आणि त्यात दांडगाई असण्याची गरज नसते, कायदा, पुरावा, सदसद्विवेक हेही माणसाला ‘कम्पेल’ करतात. अमेरिकी राज्यघटनेच्या 1791 मधील पाचव्या दुरुस्तीत, फौजदारी खटल्यात कोणालाही स्वतःविरुद्ध साक्ष देण्यास भाग पाडता येणार नाही, हे सांगताना ‘कम्पेल्ड’ हाच शब्द आला आहे, आणि तो योग्य आहे, कारण तेथे केवळ मारहाण नव्हे, तर न्यायालयीन हुकमाची सक्तीही अभिप्रेत आहे. यावरून आलेले ‘कम्पेलिंग’ हे विशेषण मात्र गौरवाचे आहे: ‘कम्पेलिंग आर्ग्युमेंट’ म्हणजे मान्य करण्यावाचून पर्याय न ठेवणारा युक्तिवाद. ‘कोअर्स’मध्ये धमकीचा वास असतो आणि त्याची रचना बहुधा ‘इंटु’ची असते. ‘ऑब्लाइज’ हे कर्तव्य किंवा नियमाने बांधले जाण्यासाठी येते.

‘इम्पोझ’ आणि ‘एन्फोर्स’ यांचे कर्म माणूस नसते. कर, दंड, बंदी ‘इम्पोझ’ केली जाते आणि ती ‘ऑन’ कोणावर तरी. असलेल्या नियमाची सक्त अंमलबजावणी म्हणजे ‘एन्फोर्स’. ‘द पोलीस एन्फोर्स्ड पीपल टु स्टॉप’ हे वाक्य म्हणूनच चूक आहे. ‘रिइन्फोर्स’ म्हणजे बळकटी आणणे. त्यात सक्तीचा लवलेशही नाही.

‘फोर्स्ड’ आणि ‘कम्पल्सरी’ यांची सीमारेषा समजून घ्यायची असेल, तर आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा 1930 चा 29 क्रमांकाचा करार पाहावा. त्याच्या नावातच हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी आहेत, आणि त्याच्या व्याख्येनुसार शिक्षेची भीती दाखवून करवून घेतलेले व माणसाने स्वेच्छेने न पत्करलेले काम ‘फोर्स्ड ऑर कम्पल्सरी लेबर’मध्ये, म्हणजे सक्तीच्या श्रमात मोडते. तरीही सक्तीची लष्करी सेवा, न्यायालयाने दिलेल्या शिक्षेतील श्रम आणि आणीबाणीच्या प्रसंगी घेतलेले काम यांना त्यातून काही अटींसह वगळले आहे. व्यवहारात असे दिसते की नियमाने सर्वांना लागू असलेल्या गोष्टीला ‘कम्पल्सरी’ म्हटले जाते आणि टीका करायची असली की तिलाच ‘फोर्स्ड’ म्हणतात. बातमी वाचताना लिहिणाऱ्याचा कल या निवडीवरून ओळखता येतो.

आठवी पायरी: विशेष क्षेत्रांतील वापर

बागकामात ‘फोर्स’ म्हणजे अंधार किंवा उष्णता यांच्या साहाय्याने झाडाला हंगामापूर्वी वाढायला लावणे. अडणारा येथे ऋतू आहे. इंग्लंडच्या यॉर्कशरमध्ये र्‍हुबार्ब नावाची वनस्पती अंधाऱ्या शेडमध्ये अशी वाढवतात आणि उजेड लागू नये म्हणून मेणबत्त्यांच्या प्रकाशात तिची काढणी करतात. बुद्धिबळात ‘फोर्स्ड मूव्ह’ म्हणजे जिच्यावाचून दुसरी धड चाल नाही अशी चाल. टेनिसमध्ये ‘अनफोर्स्ड एरर’ ही प्रतिस्पर्ध्याच्या दडपणाविना स्वतःच केलेली चूक होय. हवामानशास्त्रातील ‘रेडिएटिव्ह फोर्सिंग’, म्हणजे पृथ्वीकडे येणाऱ्या आणि तिच्याकडून बाहेर जाणाऱ्या ऊर्जेचा समतोल एखाद्या कारणाने किती ढळतो याचे माप, प्रति चौरस मीटर वॉटमध्ये मोजतात, आणि गणितात पॉल कोहेन यांनी 1963 मध्ये संचसिद्धांतासाठी जी पद्धत मांडली, तिचे नावच ‘फोर्सिंग’ आहे. या दोन संज्ञा मराठीत तशाच ठेवणे मला अधिक प्रामाणिकपणाचे वाटते.

जादूगाराचा पत्ता मात्र आपल्या नियमाला छेद देतो. ‘फोर्स अ कार्ड’ म्हणजे जादूगाराला हवा असलेला पत्ताच प्रेक्षकाने उचलावा अशी हातचलाखी करणे, आणि ती साधते तेव्हाच, जेव्हा प्रेक्षकाला आपण मोकळेपणाने निवड केली असे वाटते. येथे विरोध नाही. उलट विरोध करावा असे काही आहे, हेच त्याला कळू दिलेले नाही.

नववी पायरी: मराठीतून इंग्रजीत सराव

पुढील वाक्ये आधी स्वतः इंग्रजीत करून पाहावीत. ‘आजारपणामुळे त्याला शिक्षण सोडावे लागले’ येथे कारणाला कर्ता करावे: ‘इलनेस फोर्स्ड हिम टु लीव्ह कॉलेज’. ‘तिने कसेबसे दोन घास पोटात ढकलले’ यासाठी ‘शी फोर्स्ड डाउन अ कपल ऑफ माउथफुल्स’. ‘त्यांनी फार आग्रह केला म्हणून मी थांबलो’ येथे ‘फोर्स’ नकोच: ‘दे इन्सिस्टेड, सो आय स्टेड’. ‘या नियमाची सक्तीने अंमलबजावणी होत नाही’ यात सक्ती हा शब्द असूनही ‘द रूल इज नॉट स्ट्रिक्टली एन्फोर्स्ड’ असेच लिहावे लागते.

शेवटचे वाक्य सर्वांत अवघड आहे: ‘वडिलांनी मला वकिलीच्या शिक्षणाला घातले’. मराठीतील ‘घातले’ हे क्रियापद मुलाची इच्छा होती की नव्हती, याविषयी काहीच सांगत नाही. इच्छा असेल, तर ‘माय फादर सेंट मी टु लॉ स्कूल’. कुरकुर करत का होईना गेला असेल, तर ‘मेड मी गो’. आणि नको नको म्हणत असताना धाडला असेल, तरच ‘फोर्स्ड मी टु गो’. यातले कोणते खरे, ते त्या मुलालाच विचारावे लागेल.